फॅट ३.२

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या आमच्या कडा गावात माणूस रिटायर झाला की सत्काराची शाल कपाटात जायच्या आत त्याच्या पुढच्या आयुष्याचा निकाल गावानं लावलेला असतो. देवळाच्या जीर्णोद्धार समितीत एक जागा रिकामी असते. एखाद्या पतसंस्थेला स्वच्छ प्रतिमेचा संचालक हवा असतो. नाहीच काही जमलं, तर स्टँडजवळच्या टपरीवरचं बाकडं आहेच. तिथं बसून राज्याचं सरकार पाडायला किंवा वाचवायला वयाची अट नाही. माझे चुलते, ज्यांना गाव गुरुजी म्हणतं आणि आम्ही घरचे तात्या म्हणतो, अठ्ठावन्नाव्या वर्षी गणित शिकवायचं थांबवून घरी आले तेव्हा या तिन्ही ठिकाणांहून बोलावणं आलं. तात्यांनी तिघांनाही हात जोडले आणि चार संकरित गायी घेतल्या.

गाव हसलं. काकू हसल्या नाहीत. शेण कुणाच्या वाट्याला येणार, याचा हिशेब त्यांनी गणिताच्या मास्तरांच्या आधी मांडलेला होता.

खरं तर आष्टी तालुक्यात गाय घेणं ही काही क्रांती नाही. आमच्याकडं पावसाचा भरवसा नाही, आणि ज्या वर्षी पाऊस होतो त्या वर्षी कांद्याच्या भावाचा नसतो. कड्याच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या लावून बसलेल्या माणसाचं तोंड बघितलं की त्या दिवशीचा दर विचारावा लागत नाही. अशा ठिकाणी दर दहा दिवसाला होणारा दुधाचा पगार हाच काय तो नेमानं येणारा पैसा. त्यामुळं घरोघरी दावणीला दोन जनावरं असतातच. तात्यांचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी गोठा पुस्तकातून सुरू केला. एक जाडजूड रजिस्टर आणलं, त्यात रेघा मारल्या, प्रत्येक गायीला पान दिलं आणि चाऱ्याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. वेळापत्रकाचा खालचा कोपरा दुसऱ्याच दिवशी एका गायीनं खाल्ला.

मग तात्या पहिल्यांदा संकलन केंद्रावर दूध घेऊन गेले. तिथं यंत्रावर बसलेला पोरगा त्यांचाच विद्यार्थी. नववीत गणितात राहिलेला. पोरगा आधी उठून पाया पडला, मग त्यानं वाटीभर दूध यंत्राखाली धरलं. यंत्रानं चिठ्ठी काढली. फॅट ३.२, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ, ८.१.

“गुरुजी, दूध नापास,” पोरगा म्हणाला. “गायीला साडेतीन आन् साडेआठ लागतंय.”

तात्यांनी उभ्या नोकरीत कुणाला वाढीव मार्क दिले नव्हते, त्यामुळं मागायची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांनी फक्त पुन्हा तपासायला सांगितलं.

“रिचेकिंगची सोय नाही, गुरुजी,” पोरगा फार अदबीनं म्हणाला.

त्या सूडात विष नव्हतं, हे मला नंतर कळलं. कारण चिठ्ठी दिल्यावर पोरानं विचारलं, की काय घालता? तात्यांनी अभिमानानं सांगितलं: हिरवागार मका, घास, वरून पेंड. आमच्या भागात हिरवा चारा म्हणजे श्रीमंती. तात्या गायींना सणाचं जेवण रोज घालत होते. पोरगा म्हणाला, कडबा वाढवा. ओल्यानं दूध वाढतंय, फॅट पडतंय. वाळलं खाल्लं की जनावर रवंथ करतंय, अन् रवंथ केली की फॅट येतंय.

तात्यांना ते पटलं नाही. ज्वारीचा वाळका कडबा खाऊन दूध दाट कसं होईल? त्यांनी पशुवैद्यकाला गाठलं. डॉक्टरांनी तेच जरा लांबवून सांगितलं: तंतुमय चारा पोटात आंबताना जे आम्ल तयार होतं, त्यातून दुधातली बरीचशी स्निग्धता बनते, नुसतं कोवळं आणि पेंड घातलं तर पोटाचा तोल बिघडतो. म्हणजे नववी नापास पोरगा बरोबर होता. तात्या घरी आले, भिंतीवरचं उरलेलं वेळापत्रक काढलं आणि कडबाकुट्टीचं यंत्र आणायला निघाले. काही आठवड्यांनी चिठ्ठीवर ३.६ उमटलं, तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी खिशात घालून अख्ख्या पेठेतून एक फेरी मारली. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला होता तेव्हासुद्धा ते इतके सावकाश चालले नव्हते.

मला या प्रकरणात गायींपेक्षा तात्यांचं तोंड जास्त वाचनीय वाटतं. म्हातारपणी डोकं चालत नाही, नवं काही शिरत नाही, अशी आपली एक समजूत असते. डोकं चालतं. तात्यांना आजही तेवीसचा पाढा उलटा येतो. अडतं ते दुसरीकडंच. आयुष्यभर खुर्चीवर बसून ‘आलं का लक्षात?’ विचारलेल्या माणसाला खाली उभं राहून ‘नाही आलं’ म्हणावं लागतं, तिथं अडतं. कड्यात शिकलेल्या माणसाला मान आहे. गावात अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा आणि कॉलेज आहे, आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं शिकायला इथं येतात. त्यामुळं मास्तर, प्राध्यापक ही आमच्याकडं मोठी जमात. आणि जितका मान मोठा तितकं नवं शिकणं महाग. नोकरीत ही किंमत टाळता येते. न कळलेली गोष्ट परिपत्रक आलं नाही म्हणून ढकलता येते. धंद्यात ती टाळता येत नाही, कारण चिठ्ठी रोज निघते, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

ज्यांच्यापाशी सांडायला मान नसतो, ते या बाबतीत सुखी म्हणायचे का? त्याचं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे.

सांगवी पाटणचे दादासाहेब भगत. दहावी आणि आयटीआय करून पुण्याला गेले. पहिली नोकरी चार हजारांची. मग इन्फोसिसच्या गेस्ट हाउसमध्ये नऊ हजारांवर लागले. काम खोल्या आवरायचं, पाहुण्यांना चहापाणी द्यायचं. हीच इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच दहा हजारांच्या उसनवारीवर सुरू झाली होती, आणि ते दहा हजार सुधा मूर्तींनी साठवलेले होते, ही गोष्ट आता पोरांना पाठ असते. भगतांना तिथं जे दिसलं ते इतिहासातलं नव्हतं. आपल्यासारखीच माणसं संगणकासमोर बसून काम करतात आणि गाडीतून घरी जातात, एवढंच दिसलं. त्यांनी सरळ विचारलं, की असं काम करायला काय लागतं? पदवी लागते, असं उत्तर मिळालं. पण ग्राफिक्स आणि अॅनिमेशनमध्ये पदवीपेक्षा हात चालतो का ते बघतात, असंही कुणीतरी सांगितलं.

चहाचा ट्रे हातात धरून हा प्रश्न विचारणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण तात्यांच्या मानानं सोपं. ट्रे धरलेल्या माणसाला काही येत नाही हे समोरच्यानं गृहीतच धरलेलं असतं; त्यामुळं न येण्याची लाज त्याला वेगळी वाटायचं कारण नाही. अवघड जातं ते उत्तर ऐकल्यावर. नोकरी सांभाळून ते अॅनिमेशन शिकले, त्या कामात शिरले. हैदराबादला असताना पायथन आणि सी प्लस प्लस शिकले. एकेक इफेक्ट नव्यानं करायला फार वेळ जातो हे कामातून लक्षात आलं, तेव्हा पुन्हा पुन्हा वापरता येतील असे साचेच तयार करून ऑनलाइन विकावेत असं डोक्यात आलं. अपघात होऊन घरी बसावं लागलं तेव्हा संगणक भाड्यानं आणून ते करत राहिले. त्यातून ‘नाइन्थ मोशन’ ही कंपनी उभी राहिली, आणि पुढं ‘डूग्राफिक्स’ – कुणालाही जाहिरात, पत्रिका, लेबल असलं काही जुळवता येईल असं डिझाइनचं साधन.

मग आला २०२० चा लॉकडाउन. पुण्याचं ऑफिस सोडून भगत आणि त्यांचे सोबती गावी आले. गावात लाइटचा आणि रेंजचा नेहमीचा लपंडाव. फोरजीची रेंज धड मिळायची ती टेकडीवर, आणि टेकडीवर होता गुरांचा गोठा. तिथं संगणक मांडले गेले. गावाकडच्या पोरांना अॅनिमेशन शिकवून कामाला लावलं. ऑनलाइन डिझाइनच्या ज्या कॅनव्हाशी ही मंडळी टक्कर घ्यायला निघाली होती, ती कंपनी ऑस्ट्रेलियाची. तिच्या संस्थापक मेलनी पर्किन्स यांनी आधीचा उद्योग पर्थमध्ये आईच्या दिवाणखान्यात सुरू केला होता. तेव्हा जागेवरून कुणी कुणाला हिणवू नये. फरक असला तर एवढाच, की दिवाणखान्यात मध्येच कुणी हंबरत नाही.

२०२४ मध्ये भगत ‘शार्क टँक इंडिया’ या धंद्यांना भांडवल देणाऱ्या टीव्ही कार्यक्रमात दिसले आणि बोट कंपनीच्या अमन गुप्तांनी दहा टक्क्यांसाठी एक कोटी द्यायचं कबूल केलं, तेव्हा संकलन केंद्रावर मोबाइलभोवती घोळका जमला होता. तात्यांनी तिथल्या तिथं गणित सोडवलं: दहा टक्के एक कोटी, म्हणजे पूर्ण कंपनी दहा कोटींची. यंत्रावरच्या पोरानं विचारलं, मग गुरुजी, तुमच्या चार गायींचे दहा टक्के म्हणजे किती?

“शून्य पूर्णांक चार गाय.”

“कुठल्या बाजूची?”

एकच गाय वाटून घेणाऱ्या दोन भावांची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पुढची बाजू घेणाऱ्यानं चारा घालायचा, मागची घेणाऱ्यानं दूध काढायचं. अमन गुप्ता मागची बाजू घेतील यावर घोळक्याचं एकमत झालं. हे अन्यायाचं आहे, पैसा घालणारा चाराच घालत असतो, असं तात्या बराच वेळ समजावत होते. पण विनोद एकदा लागू पडला की अर्थशास्त्र कुणी ऐकत नाही.

ही गोष्ट अशी सांगितली की फार गोड होते, म्हणून मला जरा भीती वाटते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हल्ली प्रेरणादायी वक्ते येतात आणि ‘गोठ्यातून कोटीत’ असलं यमक जुळवून जातात. समोर बसलेल्या पोरांतल्या काहींचे आईबाप दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि हंगामभर घाम गाळून ती फेडायची असते. त्यांच्यात चिकाटी कमी आहे असं कुणी म्हणून बघावं. त्यांच्याजवळ नसतो तो मोकळा वेळ आणि चुकायची ऐपत. तात्यांचं दूध ३.२ लागलं तरी पहिल्या तारखेला पेन्शन जमा होणार होती. ज्याची गायच कर्जाची आहे, त्याला तो आकडा इतका विनोदी वाटत नाही. आणि नगर रस्त्यावर गाळ्यांची जी शटरं कायमची खाली आलेली दिसतात, त्यांच्या मालकांनीही बरंच काही शिकून घेतलं असणार; ते ऐकायला त्यांना कुणी संमेलनाला बोलवत नाही. बोलवायला हवं. माझ्या मते पोरांना त्यांचाच उपयोग जास्त होईल.

तात्यांनी कडबाकुट्टी आणली तेव्हा यंत्राच्या निमित्तानं मी त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा हा माणूस हक्काची बढती दुसऱ्याला गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला सायकली विकायला लागला, आणि सायकल चालवायला शिकवण्याचे वेगळे पैसे घ्यायचा. म्हणजे मास्तरकी त्यानंही सोडली नाही, फक्त वर्ग रस्त्यावर आणला. कारखान्यातलं सुरुवातीचं उत्पादन म्हणजे कडबा कापायचं यंत्र. मग १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी तो घेईनात. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली. तात्यांना यातलं नांगराचं फार आवडलं. “म्हणजे गिऱ्हाइकालाही शिकवावं लागतं,” असं म्हणून ते एकदम खूश झाले. शिकवायची सोय असली की त्यांना कुठलाही धंदा चालतो.

दादासाहेब फाळक्यांचं मात्र त्यांना तितकं रुचलं नाही. चाळिशी ओलांडलेला संसारी माणूस विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली विलायतेला सिनेमा शिकायला जातो, परत येऊन वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याची छोटी फिल्म करतो, आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढं आणतो. मी म्हटलं, बघा, वय आड आलं नाही. तात्या म्हणाले, “वय नाही आलं. बायकोचं काय झालं ते सांग.” मी सांगितलं, की सरस्वतीबाई घरच्या सगळ्या मंडळींना रांधून घालायच्या, शिवाय फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्यापासून कामं करायच्या. काकू आतून म्हणाल्या, “हे आधी सांगायचं.”

अलीकडं आयुष्याचं प्रयोजन शोधा, मग कामाला लागा, असं सांगणारी पुस्तकं स्टँडवरच्या बुकस्टॉलवरसुद्धा मिळतात. तात्यांनी प्रयोजन वगैरे शोधलं नव्हतं. रिटायर झाल्यावर पहाटे जाग यायची आणि आता कुणी आपली वाट बघत नाही हे लक्षात यायचं. ते त्यांना सोसलं नाही, एवढंच त्यांनी एकदा मला सांगितलं. आता पहाटे पाचला चार गायी वाट बघत असतात. गायीला रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, आणि मालकाचं मन लागत नाही वगैरे कारणं तिच्यापुढं चालत नाहीत. भगतांनाही सुरुवातीला नऊ हजारांच्या वर पगार हवा होता, एवढंच असावं. भारतीय बनावटीचं डिझाइनचं साधन, गावच्या पोरांना काम, हे सगळं करता करता मागून आलं. दहावीतल्या पोराला ‘तुझं ध्येय काय’ असं दटावून विचारणाऱ्या मास्तरांनी – त्यात तात्याही आले – थोडं सबुरीनं घ्यायला हरकत नाही.

“एवढ्या उशिरा कशाला ही दगदग?” असं मात्र कड्यात कुणी कुणाला म्हणू नये. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ साली. नगर ते न्यू आष्टी ही ६६ किलोमीटरची गाडी कड्यावरून पहिल्यांदा धावली २३ सप्टेंबर २०२२ ला, आणि बीडला पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. ज्या गावानं इतकी वर्षं रुळांची वाट बघितली, त्यानं साठीच्या माणसाला उशीर झाला म्हणणं शोभत नाही.

तर तात्यांनी साठीनंतर खवा शिकायला घेतला. दूध घालण्यात मार्क दुसऱ्याच्या हातात, दर तिसऱ्याच्या हातात. खवा केला तर निदान दर तरी आपला, असा त्यांचा हिशेब. पहिला धडा हलवायानं दिला: गायीच्या दुधाचा खवा पिवळसर, चिकट आणि वजनाला कमी उतरतो, पेढ्याला म्हशीचा आणा. म्हणून म्हैस आली. तिचं दूध पहिल्याच दिवशी सातच्या फॅटला लागलं. इतकी वर्षं चार गायींना शिकवणी लावून साडेतीनवर आणणाऱ्या तात्यांना हुशार विद्यार्थी घरबसल्या मिळाल्याचा आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. शिकवायला काही उरलंच नाही. पाच लिटरला साधारण किलोभर खवा. कढईपाशी काकू, कारण खुरपं सतत फिरवायला लागतं आणि तात्या मध्येच समजावून सांगायला थांबतात. तळाला एकदा लागला की सगळा घाणा गेला.

विकायचा म्हटल्यावर कागदपत्रं आली. उद्यम नोंदणी फुकट होते हे कळायच्या आधी एका एजंटानं पाचशे रुपये नेले. तात्यांनी ते रजिस्टरमध्ये ‘शिक्षणखर्च’ या रकान्यात लिहिले. खाद्य परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आला. तो पुडक्यावर छापायचा, तयार केल्याची तारीख छापायची, कधीपर्यंत खायचा ते छापायचं, शाकाहाराचा हिरवा ठिपका काढायचा. म्हशीच्या खव्याला शाकाहाराचा दाखला लागतो याचं काकूंना अजून नवल वाटतं.

लेबल डूग्राफिक्सवर करायचं हे तात्यांनी आधीच ठरवलं होतं. आपल्या तालुक्यातल्या पोरानं केलेलं सोडून बाहेरचं कशाला वापरायचं? माऊस त्यांच्या हातात नवा. पुतण्या म्हणून शेजारी मी, आणि दुसऱ्या बाजूला संकलन केंद्रावरचा तो पोरगा, जो आता तात्यांचा सल्लागार झाला आहे आणि अधूनमधून ‘आलं का लक्षात, गुरुजी?’ असं विचारतो. अक्षरं हवी तेवढी मोठी झाली. रंगावर वाद झाला नाही. फोटो कुणाचा लावायचा, यावर मात्र अख्खी संध्याकाळ गेली. तात्यांच्या मनात त्यांचा स्वतःचा होता, सत्काराच्या शालीतला. पोरगा म्हणाला, गुरुजी, लोक खवा घेताना मालकाला बघत नाहीत. मग म्हशीचा, असं ठरलं. म्हशीचा फोटो काढायला गेलो तर ती कॅमेऱ्याकडं पाठ करून उभी राहिली, आणि दोन भावांच्या गोष्टीप्रमाणं बाजू पुढची हवी का मागची, याची पुन्हा चर्चा झाली. शेवटी काकूंनी भाकरी दाखवल्यावर तिनं मान वळवली. तोच फोटो लागला. खाली मोठ्या अक्षरात काकूंचं नाव आहे आणि त्याच्याखाली, भिंग घेतलं तर वाचता येईल अशा टाइपात, तात्यांचं: ‘सहायक’.